सातवीपर्यंत पहिली येणारी मुलगी आठवीत गेल्यावर रडायला लागली, काय करू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताई जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतात, घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि सोयाबीन. मुलगी गावातल्या झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि वर्गात कायम पहिली. गावात पुढचा वर्ग नाही म्हणून जूनपासून सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात हायस्कूलला आठवीत घातली, सेमीच्या तुकडीत, एसटीने येते-जाते. पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी सहा पडले आणि इंग्रजीत आठ. तेव्हापासून सोमवार आला की पोट दुखतं म्हणते, डबा अर्धा परत आणते, काही विचारलं की "काही नाही" म्हणते, आणि मागच्या आठवड्यात तर सरळ म्हणाली मला नाही जायचं त्या शाळेत. मिस्टर म्हणतात झेडपीत फुकटचे मार्क वाटले. सासूबाई म्हणतात झालं तेवढं बास, घरी राहू दे. संभाजीनगरचा भाऊ म्हणतो माझ्याकडे पाठव, इथे इंग्लिश मीडियमला टाकू. ताई विचारतात, लेकरू खरंच कच्चं आहे का आणि शाळा बदलू का.

तर आधी दोन्हीची उत्तरं देऊन टाकते. लेकरू कच्चं नाहीये, आणि शाळा आत्ता बदलू नका. मी बरीच वर्षं हायस्कूलवर शिकवलंय आणि त्यातली बहुतेक वर्षं आठवीचा वर्ग माझ्याकडे असायचा, म्हणजे दर जूनला आजूबाजूच्या पाच-सात गावांच्या झेडपी शाळांमधून आलेली पोरं माझ्यासमोर येऊन बसायची, त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय ते मला अगदी ओळखीचं आहे. पहिल्या चाचणीत आपटलेली आणि मग दिवाळीनंतर सावरलेली मुलं खूप बघितलीत. पण तुमच्या पत्रात मला मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटली ती "काही नाही" ह्या उत्तराची, त्यावर सविस्तर लिहिते.

आधी मार्कांचं. झेडपीत फुकट मार्क दिले असं मिस्टर म्हणतात ते मला पटत नाही. तिथे जी श्रेणी मिळते ती फक्त पेपरवर नसते, त्यात तोंडी असतं, उपक्रम असतो, प्रात्यक्षिक, वही, रोजचं काम, सगळं धरून ती श्रेणी असते आणि तिने ते सगळं केलेलं असणार म्हणून ती पहिली होती. चाचणीत मात्र नुसतं लिहायचं, वेळ लावून, आणि ते सुद्धा नव्या वर्गात, नव्या सरांनी काढलेल्या पेपरवर. त्यात आठवीचं गणित सुरुवातीलाच अवघड आहे. पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्या, मग समांतर रेषा व छेदिका, मग घातांक व घनमूळ. ह्यातलं पहिलं आणि तिसरं प्रकरण बरंचसं अपूर्णांक आणि ऋण संख्यांवर उभं आहे, म्हणजे पाचवी ते सातवीचं. तिथे थोडं जरी कच्चं राहिलं असेल तरी आठवीत ते एकदम उघडं पडतं. आणि सेमी असल्यामुळे तेच सगळं इंग्रजीत येतं, म्हणजे जे गणित तिला मराठीत कदाचित आलं असतं तेही प्रश्नच कळला नाही म्हणून सुटतं. वीसपैकी सहा मागे हे असतं बहुतेक वेळा. ही भरून काढण्यासारखी गोष्ट आहे, कसं ते पुढे सांगते.

पण ताई, सातवीतून आठवीत जाणं म्हणजे नुसता अभ्यास वाढणं नाही हो. विचार करा, ती सात वर्षं एका शाळेत होती जिथे गुरुजींना तिचं नाव, तिच्या आजीचं नाव, तुमच्या शेतात काय लावलंय ते सगळं माहीत होतं. वर्गात दहा-पंधरा पोरं, तीही लहानपणापासूनची. शाळेत तीच सगळ्यात मोठी, परिपाठ ती घेणार, पंधरा ऑगस्टला भाषण तिचं, लहान पोरांना रांगेत उभं ती करणार. आता एका तुकडीत साठ पोरं, दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा आणि नवीन सर किंवा मॅडम, प्रत्येकाची वही वेगळी, कोणाला मार्जिन लाल पेनने पाहिजे कोणाला पेन्सिलने, आणि जून-जुलैमध्ये कुठल्याच शिक्षकाला तिचं नाव येत नाही. शाळेत ती आता सगळ्यात मोठी राहिली नाही, वर दहावीपर्यंतचे आणि कुठे कुठे तर अकरावी-बारावीचे दांडगे पोरं. मोठ्या गावातली मुलं आधीपासून तिथेच पाचवीपासून आहेत, त्यांचे ग्रुप ठरलेले, पुढचे बेंच ठरलेले. बाहेरगावची एसटीने येणारी मुलगी बस लेट झाली की परिपाठ झाल्यावर पोचते आणि मग जिथे जागा असेल तिथे बसते, म्हणजे मागे. मागून फळा नीट दिसत नाही, विचारायला हात वर केला तर साठ जणं वळून बघतात. जी मुलगी काल शाळेची सगळ्यात हुशार होती तिला आज कोणी ओळखतच नाही, हा धक्का तेराव्या वर्षी फार मोठा असतो आणि त्याला ती स्वतः नाव देऊ शकत नाही, म्हणून ती पोट दुखतं म्हणते. खोटं बोलत नसते, खरंच दुखतं.

आता त्या "काही नाही" वर येते. खेड्यातल्या मुली हायस्कूलमध्ये काय त्रास होतो ते घरी का सांगत नाहीत ह्याचं कारण मी इतक्या मुलींकडून ऐकलंय की मला त्यात शंकाच राहिली नाही. त्यांना भीती असते की सांगितलं तर शाळा बंद करतील. बसमध्ये कोणी पोरगं कमेंट मारतं, स्टँडवर कोणी मागे लागतं, वर्गात कोणी हसतं, हे घरी सांगितलं की घरचे त्या पोराला काही करणार नाहीत, आपल्यालाच घरी बसवतील, हे त्यांना पक्कं माहीत असतं. आणि तुमच्या घरात तर सासूबाई ते रोज बोलूनच दाखवतात. त्यामुळे सगळ्यात आधी करायचं काम हे, की तुम्ही आणि मिस्टर दोघांनी मिळून, आजीसमोर, तिला स्पष्ट सांगायचं: तू आम्हाला काहीही सांगितलंस तरी तुझी शाळा बंद होणार नाही. हे वाक्य बापाच्या तोंडून आलं तर त्याचं वजन वेगळं असतं, म्हणून मिस्टरांना हे वाचून दाखवा. आणि तिच्या समोर "फुकटचे मार्क" हा शब्द परत काढू नका म्हणावं.

ते झाल्यावर विचारायची पद्धत बदला. "आज काय शिकवलं" ह्याला उत्तर नेहमी "काही नाही" असंच येतं. त्यापेक्षा विचारा डबा कोणासोबत खाल्ला, बसमध्ये बसायला जागा मिळाली का, कोणाशेजारी बसलीस, कुठल्या सरांचा तास आवडतो, कुठल्या तासाला भीती वाटते. आणि समोर बसवून चौकशी केल्यासारखं नको, भाकरी करताना, वेणी घालताना, कापूस निवडताना विचारा. डबा अर्धा परत येतोय म्हणजे बहुतेक ती एकटी खातेय किंवा खातच नाहीये. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, नववी-दहावीला नाही, त्यामुळे हायस्कूलमध्ये काही मुलींना खिचडीच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते आणि डबा उघडायलाही सोबत कोणी नसतं, मग ती पोरगी सकाळच्या चहावर संध्याकाळपर्यंत काढते.

आणि एक गोष्ट आहे जी आया सुद्धा विचारत नाहीत, ती म्हणजे बाथरूमची. तुमची मुलगी शाळेत पाणी पिते का ते विचारा. बऱ्याच मुली सकाळी निघताना पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पीत नाहीत, कारण शाळेतलं बाथरूम घाण असतं, दाराला कडी नसते, नाहीतर तिथे जायचा रस्ता मोठ्या पोरांच्या वर्गांसमोरून असतो. मग डोकं दुखतं, पोट दुखतं, लघवीला जळजळ होते. पाळी सुरू झाली असेल तर अजून अवघड, पॅड बदलायला जागा नाही आणि टाकायला डबा नाही, म्हणून महिन्यातून तीन-चार दिवस शाळा बुडते आणि बुडालेले तास भरून निघत नाहीत. सोमवारचं पोट दुखणं ह्यातलं असेल असं मी म्हणत नाही, पण आधी हे तपासा, डॉक्टरांनाही एकदा दाखवून घ्या. दप्तरात एका कापडी पिशवीत दोन पॅड, एक जास्तीची चड्डी आणि जुनं वर्तमानपत्र कायम ठेवून द्या, पाळी आली नसेल तरी ठेवा आणि ते कशासाठी ते सांगून ठेवा.

बसमध्ये किंवा शाळेत कोणी त्रास देत असेल आणि तिने सांगितलं तर तिला पहिला प्रश्न "तू काय केलं होतंस" हा विचारू नका. मुख्याध्यापकांना भेटा, लेखी द्या. शाळेत तक्रार पेटी असते आणि मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नावाची समिती असायला पाहिजे, शासनाने २०२२ मध्ये तसा निर्णय काढलाय, तिच्यात कोण कोण आहे ते विचारा. आणि १०९८ हा मुलांसाठीचा फुकट फोन नंबर आहे, तो तिलाही पाठ असू द्या.

आता शाळेत जायचं. ताई, तुम्ही लिहिलंय की "मी चौथी शिकलेली, सरांसमोर काय बोलणार". अहो तुम्हीच जा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, एक दिवसाची मजुरी बुडेल तेवढी बुडू द्या. जाऊन वर्गशिक्षकांना भेटा, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना, तासाच्या मध्ये नको. मार्कांची तक्रार करायला जायचं नाही. एवढंच सांगायचं की ही अमुक गावाहून बसने येते, तिथे पहिली होती, इथे घाबरलीय, तिला जमलं तर पुढच्या दोन-तीन बेंचवर बसवा आणि अधूनमधून नावाने हाक मारा. मी स्वतः शिक्षिका होते म्हणून सांगते, साठ पोरांमधली जिची आई येऊन गेली त्या मुलीकडे शिक्षकाचं आपोआप लक्ष जातं. हे बरोबर नाही, सगळ्यांकडेच जायला पाहिजे, पण असं होतं खरं. तिच्याच बसने येणाऱ्या नववी-दहावीतल्या एखाद्या मुलीशी तिची गाठ घालून देता आली तर घाला, निम्मं टेन्शन तिथेच जाईल.

बसचा मोफत पास काढलाय ना? ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो, शाळेकडून यादी जाते. काढला नसेल तर ह्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना सांगा. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुके आहेत, तुमचा तालुका त्यात असेल तर मुलींसाठी वेगळी बसही असते, सायकल मात्र पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना मिळते त्यामुळे तुमचं बसवरच भागवावं लागेल. बस शाळेच्या वेळेला जुळत नसेल, रोज परिपाठ बुडत असेल, तर त्याच्यावर उपाय आहे. शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जायचं, चार-पाच पालक मिळून. एकट्या बाईने फोन केला तर वेळ बदलत नाही, पण ठराव घेऊन पाच जण गेले की बसची वेळ बदललेली मी पाहिलीय.

गणिताचं काय करायचं. क्लास लावू नका लगेच, मोठ्या गावात क्लास म्हणजे ती अजून दोन तास उशिरा घरी येणार, अंधारात, आणि थकणार. सहावी-सातवीची गणिताची पुस्तकं घरात असतील ना, रद्दीत दिली नसतील तर काढा. रोज फक्त अर्धा तास, त्यात अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, ऋण संख्या, वर्ग आणि घातांक एवढंच, आठवीचं पुस्तक त्या अर्ध्या तासात उघडायचंच नाही. महिनाभर हे केलं तर फरक दिसतो. आणि तिचे झेडपीचे गुरुजी गावातच राहतात असं तुम्ही लिहिलंय, मग ह्यापेक्षा चांगलं काय पाहिजे, रविवारी सकाळी तासभर त्यांच्याकडे पाठवा, सोबत धाकट्या भावाला किंवा गावातल्या दुसऱ्या आठवीच्या पोरांनाही. जुन्या विद्यार्थ्याला शिकवायला नाही म्हणणारे गुरुजी मला तरी क्वचितच भेटलेत. तुम्ही गणित नाही शिकवू शकत ठीक आहे, पण ती गणित सोडवून झाल्यावर "मला सांग कसं केलंस" एवढं विचारा आणि ऐका. बोलून दाखवताना कुठे अडलं ते तिचं तिलाच कळतं. सेमीसाठी एक छोटी वही करायला सांगा, डाव्या बाजूला सातवीपर्यंतचा मराठी शब्द, उजवीकडे आताचा इंग्रजी, रोज पाच. दिवाळीपर्यंत एवढं करून बघा, तरीही डोक्यावरून जात असेल तर वर्गशिक्षकांना विचारून मराठीच्या तुकडीत बदलून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच करायला सांगतेय त्याला अजून एक कारण आहे. आठवीला आता वार्षिक परीक्षा असते, २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला, त्यात नापास झालं तर परत एक संधी मिळते आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. तुमची मुलगी तिथपर्यंत जाणार नाही असं मला वाटतं, फक्त "आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही" ह्या जुन्या भरवशावर कोणी राहू नये.

भावाच्या बोलण्याबद्दल. त्याची नियत चांगली आहे ह्यात शंका नाही. पण जिला सात किलोमीटरवरची मराठी शाळा परकी वाटतेय तिला संभाजीनगरची इंग्लिश मीडियमची शाळा, तेही आईवडिलांपासून लांब, मामीच्या घरात, किती परकी वाटेल. पूर्ण मीडियम आठवीत बदलणं म्हणजे इतिहास-भूगोलही इंग्रजीत, हे मी कोणालाच सुचवत नाही. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये म्हणजे चार वर्षांत ४८,००० मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, सातवीत ५५ टक्के पाहिजेत, आणि मुलगी सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. विनाअनुदानित इंग्लिश स्कूलमध्ये गेली की तो दरवाजा बंद. फॉर्म शाळेतूनच भरतात, परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये होते, तेव्हा वर्गशिक्षकांना भेटाल तेव्हा हे विचारूनच या आणि तिच्या नावाचं बँक खातं आधारला जोडून ठेवा. भावाला सांगा, बारावीनंतर लागेल तुझं घर, तेव्हा नाही म्हणू नकोस.

सासूबाईंचं मला समजतं. त्यांनी त्यांच्या काळात जे बघितलं ते त्या बोलतात, आणि नातीची काळजी त्यांनाही आहेच, बसचा रस्ता, लोकं काय म्हणतील, सगळं. पण घरी बसवलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते आपल्या भागात आपल्याला सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जालना, बीड, परभणी ह्या जिल्ह्यांत अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त निघालंय. तेराव्या वर्षी शाळा सुटली की पंधराव्या वर्षी स्थळं यायला लागतात, मग कोणी थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. भांडू नका त्यांच्याशी. एक दिवस मुलीच्या बसने त्यांनाही शाळेपर्यंत घेऊन जा, बस, स्टँड, शाळेचं गेट, वर्ग, मॅडम, सगळं बघू द्या. आणि मिस्टरांना पैशाची काळजी असेल तर त्यांना सांगा की मुलींना अनुदानित शाळेत बारावीपर्यंत फी नाही, पुस्तकं मात्र पुढच्या वर्षीपासून विकत घ्यावी लागतील, ती दहावीला गेलेल्या मुलींकडून जुनी आत्ताच सांगून ठेवा.

जाता जाता, शाळेत जाल तेव्हा दाखल्यावरून जनरल रजिस्टरला तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख बरोबर चढलीय का ते डोळ्याने बघून या, आधारवर एक आणि दाखल्यावर एक असं असेल तर दुरुस्ती आत्ता करून घ्या. दहावीच्या सर्टिफिकेटवर चुकीचं छापून आलं की फार हेलपाटे होतात.

आणि हे पुढचं तिला वाचायला द्या.

बाळा, तुझी शाळा बदलली म्हणून तुझी हुशारी कुठे गेली नाहीये. तुझ्या वर्गात तुझ्यासारख्या बाहेरगावच्या अजून पोरी आहेत आणि त्याही मधल्या सुट्टीत कोणीतरी बोलावेल म्हणून वाट बघतायत, उद्या त्यातल्या एकीला तूच म्हण, चल डबा खाऊ. तासाला नाही कळलं तर वर्गात हात वर करायची लाज वाटत असेल तर तास संपल्यावर सरांच्या मागे दारापर्यंत जा आणि तिथे विचार, आम्हाला शिक्षकांना ते खूप आवडतं, खरंच. पाणी पी, रोज, भरपूर. कोणी त्रास देत असेल तर आईला सांग, आईने मला कळवलंय की ती तुझी शाळा बंद होऊ देणार नाही. आणि तो गणिताचा पेपर फाडू नकोस, रविवारी गुरुजींकडे जाताना सोबत घेऊन जा आणि जी गणितं बरोबर आलीत ती त्यांना आधी दाखव, मग बाकीची एकेक करून सोडवायला बसा.